नवगावची सात जोडपी : बेने इस्राएलांच्या आगमनाच्या प्रश्नाचा आढावा

गाढी नदीच्या काठी वसलेल्या आणि एके काळी कोकण व देश यांच्यामधले नाके असलेल्या पनवेलच्या जुन्या वस्तीत १८४९ साली बांधलेले 'बेथ एल' हे यहुदी प्रार्थनामंदिर उभे आहे, आणि गावच्या तळ्यांपैकी एकास लोक आजही इस्रायल तलाव म्हणूनच ओळखतात. ज्या समाजामुळे ही नावे रूढ झाली त्या बेने इस्राएल समाजाची बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलात स्थायिक झाली, तरी पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यात त्यांची मंदिरे, दफनभूमी आणि काही घरे टिकून आहेत. हे लोक मराठी बोलत, नऊवारी नेसत, घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याने त्यांस 'शनवार तेली' असे नाव दिले. त्यांची आडनावे पाहिली तर किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर अशी जिल्ह्याच्या नकाशाचीच यादी होते. असे हे लोक या किनाऱ्यावर कोठून आले, केव्हा आले आणि आले तेव्हा कोण होते, या प्रश्नावर सुमारे दोन शतके लिहिले जात आहे. त्या लिखाणाची आज काय स्थिती आहे ते पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हरवलेल्या माणसांच्या अशा कोड्यांना जगात तोटा नाही. अमेरिकेत त्यांपैकी सर्वांत गाजलेले कोडे रोआनोक बेटावरचे. १५८७ साली तेथे शंभराहून अधिक इंग्रज स्त्रीपुरुष उतरले, आणि त्यांचा पुढारी जॉन व्हाइट मदत आणण्यासाठी मायदेशी जाऊन १५९० मध्ये परतला तेव्हा वसाहत ओस पडलेली होती व एका खांबावर 'क्रोअटोअन' एवढाच शब्द कोरलेला होता. तो शेजारच्या बेटाचा आणि तेथील जमातीचा निर्देश होता. त्यावरून ती माणसे स्थानिकांत मिसळून गेली असे म्हणणारे, ती मारली गेली असे म्हणणारे आणि ती आत भूप्रदेशात सरकली असे म्हणणारे असे पक्ष आजवर नांदत आहेत. कोकणातील कोड्यात माणसे हरवलेली नाहीत, त्यांचा आरंभ हरवलेला आहे. पण पुराव्याची अडचण दोन्हीकडे एकाच जातीची आहे. परक्या किनाऱ्यावर उतरलेली थोडीशी माणसे भोवतालच्या समाजात किती विरघळतात आणि किती वेगळी उरतात, हे ठरविण्याचे माप कोणापाशीच नसते.

कथा काय सांगते

समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी. उत्तरेकडून आलेले एक गलबत चौलच्या वाटेवर असता तुफानात सापडून नवगावजवळ फुटले. बहुतेक माणसे बुडाली. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या किनाऱ्यास लागल्या. वाहून आलेली प्रेते गावकऱ्यांच्या मदतीने पुरुषांची एका आणि स्त्रियांची दुसऱ्या ठिकाणी पुरण्यात आली, आणि त्या दोन उंचवट्यांच्या भोवती नवगावची दफनभूमी वाढली. धर्मग्रंथ समुद्राच्या पोटात गेले. जिवंत राहिलेल्यांपाशी 'श्मा इस्राएल' ही एकच प्रार्थना मुखोद्गत होती, आणि जन्म असो, लग्न असो की मर्तिक असो, ते तीच म्हणत राहिले.

हिला जोडून दुसरी कथा आहे आणि ती अधिक अद्‌भुत आहे. वाळूवर निश्चेष्ट पडलेल्या त्या चौदा जणांपाशी प्रेषित एलियाहू आला, त्याने त्यांस सावध केले, तुमची संतती या भूमीवर वाढेल असे आश्वासन दिले आणि मग तो रथात बसून आकाशमार्गे निघून गेला. ज्या पाषाणावरून त्याने उड्डाण केले तो अलिबागजवळच्या खंडाळे गावी दाखविला जातो. खडकावर उमटलेल्या खुणा घोड्याच्या टापेच्या आणि रथाच्या चाकाच्या आहेत अशी श्रद्धा आहे. घाटमाथ्यावरचे खंडाळे ते हे नव्हे. प्रवासी पुष्कळदा फसतात. या स्थानाशी निगडित असा 'मलिदा' नावाचा विधी आहे. भिजविलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे आणि वेलदोडा एकत्र करून त्यांची रास ताटात घालतात, भोवती निरनिराळी फळे मांडतात, एलियाहूच्या स्तुतीचे हिब्रू गीत म्हणतात आणि मग प्रसाद वाटतात. लग्नापूर्वी, नवस फेडताना, प्रवासास निघताना मलिदा होतो. जगातील इतर यहुदी समाजांत या स्वरूपाचा विधी नाही, आणि पोहे, खोबरे व गूळ ही सामग्री पाहता तो कोणत्या भूमीत आकारास आला हे सांगण्यास पंडिताची गरज नाही.

पहिल्या लेखी नोंदी

कथेला तारीख नाही. लेखी उल्लेख शोधू लागले की आपण अठराव्या शतकाच्या मागे फारसे जात नाही. डॅनिश-हाले मिशनशी संबंधित असलेल्या सार्टोरियस या पाद्र्याने १७३८ साली अशा लोकांचा उल्लेख केला, की जे आपणास बेने इस्राएल म्हणवितात, ज्यांपाशी धर्मग्रंथ नाहीत आणि ज्यांना श्मापलीकडे हिब्रू येत नाही. १७६८ साली कोचीनचे मोठे व्यापारी यहेजकेल राहाबी यांनी हॉलंडला धाडलेल्या पत्रात मराठी मुलुखातील तेल गाळणाऱ्या व शनिवार पाळणाऱ्या या लोकांविषयी लिहिले. त्यापूर्वीचा म्हणून जो उल्लेख नेहमी दाखविला जातो तो बाराव्या शतकाच्या अखेरीस यहुदी धर्मपंडित मैमोनिदिसने लिहिलेल्या पत्रातला आहे. हिंदुस्थानातील यहुद्यांना विश्रामवार आणि सुंता यांखेरीज धर्म ठाऊक नाही असा त्याचा आशय आहे. पण तो कोणत्या प्रांतातील यहुद्यांना उद्देशून आहे हे त्या वाक्यावरून कळत नाही, आणि ते कोकणास लागू करणे हा तर्क आहे, पुरावा नाही.

याच ठिकाणी दावीद राहाबी या नावाचा गुंता येतो. परंपरा सांगते की, राहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला, त्याला या लोकांविषयी संशय आला आणि त्याने परीक्षा घेतली. त्याने बायकांपुढे खवले व पर असलेली आणि नसलेली अशी मासळी मिसळून ठेवली व ती रांधावयास सांगितली. बायकांनी खवल्यांची मासळी उचलली आणि बाकीची, आम्ही ही खात नाही असे म्हणून, बाजूस सारली. परीक्षा उतरल्यावर त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतील तिघांस धर्मविधी शिकवून 'काजी' नेमले. हे काजीपण पुढे वंशपरंपरेने चालले, आणि लग्ने लावणे व तंटे तोडणे हे काम त्यांजकडे राहिले. कोळीवाड्याच्या शेजारी राहणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ही कथा ऐकताच पटेल, इतकी ती या किनाऱ्याची आहे. हा राहाबी कोणत्या काळचा? समाजाच्या परंपरेत तो फार जुना आहे. काहींनी तो मैमोनिदिसचा हिंदी महासागरात बुडालेला भाऊ दावीद असावा असे सुचविले. तर अनेक आधुनिक अभ्यासकांच्या मते तो अठराव्या शतकातील कोचीनच्या, डच कंपनीशी व्यवहार असलेल्या राहाबी घराण्यापैकीच कोणी असला पाहिजे. दोन निराळ्या काळांतील गुरूंच्या आठवणी एका नावाखाली एकवटल्या, हा तिसरा पर्यायही नाकारण्यासारखा नाही.

हरवलेल्या दहा वंशांचा पक्ष

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईस आलेल्या मिशनऱ्यांनी, प्रथम अमेरिकन मराठी मिशनने आणि पुढे स्कॉटिश मिशनच्या डॉ. जॉन विल्सन यांनी, या समाजासाठी शाळा काढल्या. विल्सनसाहेबांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि समाजास आपल्याच धर्माची भाषा शिकण्याचे साधन ख्रिस्ती धर्मोपदेशकाकडून मिळाले. स्वतः विल्सन यांचा कल असा, की ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास ॲसिरियनांनी उत्तरेचे इस्राएल राज्य मोडून जे दहा वंश देशोधडीस लावले त्यांपैकी हे असावेत. 'यहुदी' हे नाव न घेता 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची संतती हेच नाव धारण करणे, हा त्यांचा एक मुख्य आधार होता.

त्या काळी हरवलेल्या वंशांचा शोध हा पाश्चात्य जगाचा छंदच होता, आणि त्याचे सर्वांत विलक्षण प्रयोग अमेरिकेत झाले. तेथील आदिवासी हेच ते वंश असे मानणारे ग्रंथ प्रसिद्ध होत होते. १८२५ साली मोर्डेकाय नोआ याने नायगारा नदीतील ग्रँड आयलंडवर यहुद्यांसाठी 'अरारात' नामक नगरी वसविण्याची घोषणा करून अमेरिकन आदिवासींनाही त्या बांधवांत गणले. १८६० मध्ये ओहायोतील न्यूअर्क येथील प्राचीन मातीच्या टेकाडांतून हिब्रू अक्षरे कोरलेले दगड 'निघाले', आणि पुढे ते बनावट असल्याचे बहुतेक विद्वानांनी ठरविले. कोकणचे या बाबतीत कौतुक केले पाहिजे. येथे कथा होती, श्रद्धा होती आणि वंशश्रेष्ठत्वाची निकडही होती, तरीही नवगावच्या मातीतून कोणी सोयीचा शिलालेख काढून दाखविला नाही.

नावावरून वंश ठरविण्याचा विल्सन यांचा युक्तिवाद आज क्वचितच कोणी स्वीकारतो. मुसलमानी अंमलाखाली 'यहुद' हे नाव टाळणे सोयीचे होते, म्हणून हे दुसरे नाव धरले गेले असाही खुलासा केला जातो, पण तोही अनुमानच आहे. मिशनरी, कोचीनचे यहुदी आणि बगदादी यहुदी यांच्या सहवासात ही सगळी ओळखच अलीकडे घडली असे म्हणणाऱ्यांना मात्र सार्टोरियसच्या नोंदीने लगाम बसतो, कारण ती पहिल्या मिशनशाळेच्या जवळजवळ पाऊण शतक आधीची आहे.

किहीमकरांचा पक्ष आणि सणांची साक्ष

समाजातून पुढे आलेला सर्वांत भारदस्त ग्रंथ हाइम सॅम्युएल किहीमकर यांचा. तो १८९७ मध्ये लिहून पुरा झाला आणि तेल अवीव येथे १९३७ मध्ये छापून निघाला. त्यांच्या मते पूर्वज ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास, अँटायोकस एपिफेनिझ याच्या जुलमाच्या काळात, पॅलेस्टाइनहून निघाले. त्यांचा प्रमुख मुद्दा असा, की समाजात हनुक्का हा सण परंपरेने नव्हता. हनुक्का तर त्या जुलमाविरुद्ध मिळालेल्या विजयाचा स्मारक उत्सव. तेव्हा तो सुरू होण्यापूर्वीच हे लोक निघालेले असले पाहिजेत.

या सणांकडे जरा जवळून पाहणे अवश्य आहे, कारण वादातील पुष्कळ पुरावा त्यांतच आहे. समाजाने सणांस मराठी नावे दिली होती. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण', पुरीमचा तो फाल्गुनाच्या आसपास येणारा 'होळीचा सण', आणि प्रायश्चित्ताच्या उपासाचा तो 'दारफळणीचा सण'. दारफळणीच्या दिवशी घराची दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, परक्याचा स्पर्श टाळून दिवस घालवीत. आदल्या दिवशी पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे 'शिळ्या सणास', निरोप घेऊन जातात, अशी समजूत होती. पितृपक्षाच्या मागेपुढे शेजारच्या घरांत जे चाललेले असे, त्याची छाया यावर किती आणि मूळचे किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. याउलट काही उपासांच्या नावांत फारसी 'रोजा' आला आहे. त्यांतला 'बिरड्याचा रोजा' जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा आहे, आणि त्या दिवशी केळीच्या पानावर वालाचे बिरडे वाढीत. मोड आलेले वाल सोलण्याची कटकट या जिल्ह्यात कोणाला चुकली आहे? ती या परमदुःखाच्या स्मरणदिनीही चुकली नाही.

किहीमकरांची मांडणी अशी, की अस्सल मराठी नावाचे सण हा जुना थर आणि 'रोजा' जोडलेले उपास हा राहाबीनंतरचा थर. ही मांडणी बुद्धिमान आहे, आणि समाजातील मनुष्याने आपल्याच आचारांकडे अशा चिकित्सक दृष्टीने पाहावे हे त्या काळी दुर्मीळ होते. तिच्यावरील आक्षेपही तितकेच वजनदार आहेत. ज्या समाजाने ग्रंथ, भाषा आणि बहुतेक प्रार्थना गमावल्या, त्याने एक सण विसरणे अशक्य कसे म्हणावे? सण नसणे ही गोष्ट लवकर निघाल्याची खूण असू शकते, तशीच ती विस्मरणाचीही असू शकते. शिवाय मराठी नावे मराठी भाषेच्या काळाच्या पूर्वीची असणे शक्य नाही, तेव्हा त्यांवरून ख्रिस्तपूर्व कालाकडे उडी मारता येत नाही.

व्यापारमार्गाचा पक्ष

यानंतरच्या अभ्यासकांनी तारीख पुष्कळ अलीकडे आणली. चौल, म्हणजे ग्रीक लेखकांचे सेमिल्ला आणि अरबांचे सैमूर, हे बंदर इराणी आखात व तांबडा समुद्र यांच्याशी शतकानुशतके जोडलेले होते. कैरोतील सिनेगॉगच्या कोठारात सापडलेल्या, 'गेनिझा' म्हणून प्रसिद्ध असलेल्या कागदपत्रांवरून अकराव्या-बाराव्या शतकात यहुदी व्यापारी पश्चिम किनाऱ्यावर ये-जा करीत होते, किंबहुना अब्राहम बेन यिजू हा व्यापारी मंगळुरास कित्येक वर्षे राहिला, हे सिद्ध झाले आहे. तेव्हा येमेन किंवा इराण या मार्गाने, पाचव्या-सहाव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंत केव्हाही, एक किंवा अनेक टोळ्या येऊन स्थायिक झाल्या असाव्यात, असे हा पक्ष म्हणतो. त्याचे बळ संभाव्यतेत आहे. दुर्बलता ही, की व्यापाऱ्यांच्या कागदांतून घाणे चालविणारे खेडूत दिसत नाहीत.

रक्ताची साक्ष

अलीकडे जनुकशास्त्राने या वादात प्रवेश केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने असा निष्कर्ष काढला, की बेने इस्राएलांत मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंशांश ठळक आहेत; यहुदी अंश मुख्यतः पुरुषांकडून व भारतीय अंश मुख्यतः स्त्रियांकडून आलेला दिसतो; आणि हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे, म्हणजे साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीचे असावे. मातृपरंपरेवरील आधीच्या संशोधनानेही थोड्याच मूळ स्त्रिया आणि त्यांत स्थानिक वंशाचा मोठा भाग असेच सुचविले होते.

वृत्तपत्रांनी यावरून 'कोडे सुटले' असे मथळे दिले असतील तर ते घाईचे म्हणावे लागतील. हा आकडा मिश्रण मुख्यतः केव्हा झाले ते सांगतो. पहिली माणसे केव्हा उतरली ते सांगत नाही. कोणी हजार वर्षे आधी येऊन आपसांतच लग्ने करीत राहिले असतील आणि मग मिसळले असतील, तरीही असाच आकडा येऊ शकतो. बेने इस्राएलांचे नमुने थोडे होते हीही मर्यादा आहे. एवढे मात्र खरे, की सातही स्त्रिया परदेशातून आल्या हा कथेचा भाग या निष्कर्षाशी सहजी जुळत नाही, आणि पूर्णतः स्थानिकांचे धर्मांतर होऊन हा समाज बनला हा तर्कही त्यापुढे टिकत नाही.

रक्ताचा हा प्रश्न केवळ पंडिती नव्हता. समाजातच 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. सात जोडप्यांचे निर्भेळ वंशज ते गोरे, स्थानिक स्त्रियांपासूनची संतती ते काळे, आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. पुढे १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे फर्मान काढले. समाजाने निदर्शने केली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने हे लोक सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा निर्वाळा दिल्यावर ते प्रकरण निवळले. महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो २०१६ मध्ये, जनुकांचा अभ्यास निघाला त्याच वर्षी.

चौदा प्रेते, चौदा माणसे

या वादात एक दालन असे आहे की ज्याकडे इतिहासकारांनी ओझरतेच पाहिले. सह्याद्रिखंडात, ज्याची संपादित आवृत्ती गर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत काढली, चित्पावनांच्या उत्पत्तीची कथा आहे. तिच्या लोकप्रचलित रूपात समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते परशुरामाने चितेवर शुद्ध करून जिवंत केली. इकडे नवगावच्या वाळूवर निश्चेष्ट पडलेली चौदा माणसे आणि त्यांना सावध करणारा एलियाहू. संख्या तीच, समुद्र तोच, आणि जीवदान देणारा दिव्य पुरुष दोन्हीकडे. उत्तरेस संजाणला उतरलेल्या पारशांच्या 'किस्सा-ए-संजान' या १५९९ च्या काव्यातही तुफान आणि त्यातून झालेली सुटका आहेच.

एकाने दुसऱ्याची कथा उचलली, असे दोन्ही दिशांनी म्हटले गेले आहे. माझे मत विचाराल तर उसनवारीपेक्षा, बाहेरून आलेल्या कुळांनी या किनाऱ्यावर आपले येणे ज्या साच्यात सांगावे असा एक साचाच येथे रूढ असावा. समुद्राने टाकलेला मनुष्य कोणाची जमीन बळकावून आलेला नसतो, आणि मेल्यासारखा पडून दैवी कृपेने उठला की पूर्वीच्या कुळाविषयी त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. पण हे मतच आहे. कोळी, भंडारी, आगरी यांच्या मौखिक कथांची या दृष्टीने तुलना झाल्याखेरीज त्याला सिद्धान्ताची पायरी देता येणार नाही.

उरलेले काम

सारांश न करता शिल्लक कामे तेवढी नोंदवितो. नवगावच्या उंचवट्यांवरून काल ठरविता येईल असा भौतिक पुरावा पुढे आलेला नाही, आणि कबरी उकरणे यहुदी धर्मशास्त्रास संमत नसल्यामुळे तो मार्ग बहुधा बंदच राहील. याहून हाताशी असलेला मार्ग कागदांचा आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर, आंगऱ्यांच्या व जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अंमलातील कागद आणि कुलाब्याची जुनी महसुली दप्तरे हे बहुतांशी मोडीत आहे. घाण्यांवरील पट्टी कोणाकडून किती वसूल झाली, शनिवारच्या वेठीतून कोणाला सूट मिळाली, काजीपणाच्या हक्काबद्दल कोणाला सनद किंवा निवाडापत्र मिळाले, अशा नोंदी त्यांत असल्यास त्या अठराव्या शतकाच्या मागे नेणाऱ्या असतील. आजवर या प्रश्नावर लिहिणाऱ्यांत हिब्रू जाणणारे पुष्कळ झाले, इंग्रजी जाणणारे त्याहून अधिक झाले. मोडी वाचणारा आणि यहुदी आचार जाणणारा अभ्यासक एकाच व्यक्तीत सापडणे कठीण, म्हणून हे काम दोघांनी मिळून करावे लागेल. घाणेपट्टीच्या याद्यांत पनवेल, पेण आणि अष्टमीच्या पेठा प्रथम पाहाव्यात, कारण तेलाचा व्यापार या पेठांतून चाले.